लोक औषधांच्या चाचणीत स्वतःहून का जातात? पैशासाठीच ना?

"पैशासाठीच ना?" वाचून हसू आलं. कोव्हॅक्सिन या कोरोनावरच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. देशभरातल्या २५,८०० लोकांत मीही एक. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, टोचायला जायचं नागपूरला. मिळायचं ते गाडीभाड्यापुरतं, आणि ऐन वेचणीत दिवस बुडायचा.

मग का गेलो? खरं सांगतो, सप्टेंबरात काका गेले होते आणि मला भीती बसली होती. वाटलं, लस लवकर मिळेल. तिथं बाईंनी मराठीतला जाडजूड फॉर्म समोर ठेवून स्पष्ट सांगितलं: निम्म्यांना लस, निम्म्यांना लस नसलेली नुसती सुई, कोणाला काय ते आम्हालाही माहीत नाही. कारण न सांगता केव्हाही सोडता येतं. तरी सही केली. माय घरी म्हणे, "काऊन जातं रे, काही झालं तं?"

खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो: माणूस चाचणीत शेवटपर्यंत टिकतो का? मी टिकलो ते फोनमुळे. ताप आला का, अंग दुखतं का, कोणीतरी विचारायचं. आमच्याकडं दवाखान्यात डॉक्टर भेटला तर नशीब, तिथं माझी चौकशी करणारं माणूस होतं. रांगेतल्या एका ऑटोवाल्यालाही याचंच अप्रूप होतं. "डॉक्टरसाहेब म्हणतात म्हणून" सही करणारेही असतात, हे मात्र मला खटकतं. साहेबाला नाही म्हणायची आपल्याकडं सवयच नाही.

पुढं कळलं, मला लस टोचलीच नव्हती. माय म्हणे, "मंग इतके फेरे कायले मारले?"

तिला कपाशीतलं सांगितलं. नवीन खत पाहायचं तर चार तास, म्हणजे कपाशीच्या ओळी, बिनखताचे सोडावेच लागतात, नाहीतर फरक कशावरून कळणार? गडचिरोलीत १९९० च्या दशकात 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि शेजारच्या ४७ गावांत फक्त जन्म-मृत्यू मोजले. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले तेव्हाच घरच्या काळजीनं किती बाळं वाचतात ते दिसलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्यामागं ती ४७ गावंही आहेत.

"मी बिनखताचं तास होतो, माय."

"खत नाही तं नाही," ती म्हणे, "गाडीभाडं तं भेटलं."