मामाजींचं वावर हलकं पडलं

पत्र : ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात दोन वर्षांपूर्वी सून म्हणून आले. माहेरी आम्ही भावंडं कॅटान हा पटावरचा खेळ खेळायचो, म्हणून दिवाळीत तो डबा इकडे आणला. पटावरच्या जमिनींवर आकडे असतात, फाशांवर तो आकडा पडला की त्या जमिनीला लागून ज्याचं घर, त्याला पिकाचं कार्ड मिळतं. मामाजी म्हणजे माझे सासरे, भाऊजी, नणंद आणि मी बसलो. नियम सांगण्यातच पाऊण तास गेला. बारा सगळ्यात मोठा आकडा म्हणून मामाजींनी एक घर 12, 3 आणि वाळवंटाच्या कोपऱ्यावर मांडलं, दुसरं समुद्राकाठी 2 आणि 11 मध्ये. त्यांना कार्डंच मिळेनात. त्यात सात पडल्यावर भाऊजींनी पीक अडवणारा चोर मामाजींच्याच जागेवर बसवला, तसे ते उठून गोठ्यात गेले. नणंदेजवळ नऊ कार्डं होती, सात पडला आणि चार गेली. ती रडली. जिंकले मी. आता सासूबाई म्हणतात, भांडण लावणारा खेळ आहे, माळ्यावर टाक. पुन्हा कसं बसवू सगळ्यांना?

उत्तर : डबा माळ्यावर टाकू नकोस. तुझ्या घरात भांडण नव्हतं गं, मांडणी चुकली होती. मामाजी रागीट आहेत म्हणून उठले नाहीत. दोन तास रिकाम्या हाताने बसायची वेळ आली तर कोणीही उठेल.

आकड्याची गोल चकती हातात घे आणि आकड्याखालचे बारीक ठिपके बघ. 6 आणि 8 खाली पाच ठिपके आहेत, 5 आणि 9 खाली चार, 4 आणि 10 खाली तीन, 3 आणि 11 खाली दोन, 2 आणि 12 खाली एकच. दोन फासे पडण्याच्या एकूण 36 तऱ्हा आहेत. त्यातल्या किती तऱ्हांनी तो आकडा येतो, ते हे ठिपके सांगतात. मामाजींच्या दोन्ही घरांचे मिळून ठिपके झाले सहा. 6, 5 आणि 9 च्या कोपऱ्यावर बसलेल्याला एकाच घराचे तेरा मिळतात. सात पडायच्याही सहाच तऱ्हा आहेत, म्हणजे मामाजींना पीक यायची जेवढी शक्यता, तेवढीच सात पडून चोर हलायची. हे त्यांना डाव मांडायच्या आधी कोणी सांगितलंच नाही. ज्या माणसाने जन्मभर भारी जमीन आणि हलकी जमीन पायाखाली ओळखली, त्याला ठिपके समजायला दोन मिनिटं लागणार नाहीत. याच शब्दांत सांग: पाच ठिपके म्हणजे काळी कसदार, एक ठिपका म्हणजे बरड.

नियमपुस्तिकेत नवख्यांसाठी जमिनीची आणि घरांची तयार मांडणी दिलेली आहे. जमीन तशीच मांड. घरांच्या जागा मात्र मामाजींना स्वतः निवडू दे, त्यांचा खरा रस तिथेच आहे. घरं मांडायची पाळी पहिल्या फेरीत सरळ, दुसऱ्या फेरीत उलट फिरते, हे मांडतानाच सांग. दोन घरांमध्ये निदान एक कोपरा रिकामा राहतो, तेही तेव्हाच दाखव.

पाऊण तास नियम सांगू नकोस. सुरुवातीला एवढंच पुरे: फासे टाक, आपल्या आकड्याचं पीक घे, देवाणघेवाण कर, बांध. रस्त्याला वीट आणि लाकूड. घराला वीट, लाकूड, गहू, लोकर. शहराला तीन खनिज, दोन गहू. प्रत्येकाच्या पुढ्यात किमतीचं चित्र असलेलं कार्ड असतंच, त्यावर मराठीत नावं लिहून चिकटव. विकासकार्डं, बंदरं, सर्वांत लांब रस्ता हे सगळं ज्याच्यावर पहिल्यांदा वेळ येईल तेव्हा सांग. पहिला डाव 10 ऐवजी 8 गुणांचा ठेव.

चोराबद्दल एक सवलत बऱ्याच ठिकाणी चालते: ज्याचे दोनच गुण आहेत त्याच्या जमिनीवर चोर बसवायचा नाही. ती तू डाव मांडायच्या आधी सगळ्यांसमोर ठरवून घे. मधेच सांगितलीस तर भाऊजींना वाटेल, वहिनी मामाजींच्या बाजूने नियम वाकवते.

नणंदेला बजावून ठेव की सातपर्यंत कार्डं चालतात. आठवं आलं की सात पडल्यावर निम्मी जातात, तेव्हा आपल्या पाळीवर आठ दिसली तर काहीतरी बांधून टाक. काहीच जमत नसेल तर चार सारखी कार्डं बँकेत देऊन एक हवं ते घे. आणि भाऊ-बहीण एकमेकांना फुकट कार्डं देऊ लागले तर थांबव. नियमात बक्षीस नाही, दोन्हीकडून काहीतरी द्यावंच लागतं, आणि ज्याची पाळी असेल त्याच्याशीच सौदा होतो. घरातली बरीच कुरबूर इथेच सुरू होते.

जागेचंही बघ. खाटेवर मांडलंस तर गादी दबते आणि तुकडे सरकतात. सतरंजीवर प्लायवूडचा तुकडा टाक. पंख्याने कार्डं उडतात, म्हणून बँकेची पाच प्रकारची कार्डं पाच वाट्यांत ठेव. सासूबाईंना वाट्यांजवळ बसव. फासे पडले की ज्याचं त्याला त्या देतील. एरवी चौघांच्या डब्यात पाचव्या माणसाला जागा नसते. कापसाची वेचणी चालू असताना नको, माणसं थकून येतात. तूर घरात आली की एखाद्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बसा. पहिल्या डावाला दोन तास धर.

आता तुझ्याबद्दल. तुला खेळ पाठ आहे, त्यांना नाही, आणि तू जिंकलीस. सुनेनं शिकवलं आणि सुनेनंच हरवलं, हे पहिल्याच दिवशी जड जातं. मुद्दाम हरू नकोस, ते लगेच कळतं. पहिल्या डावात तू खेळूच नकोस, तुझ्या जागी नवऱ्याला बसव. तू सासूबाईंच्या शेजारी बस, विचारलं तेवढंच सांग. "मामाजी, इथे बांधा" असं तोंडात आलं तरी गिळ.

बसायच्या आदल्या रात्री फक्त चकत्यांची पिशवी मामाजींकडे घेऊन जा. अठराच्या अठरा ओसरीवर ओत आणि त्यांना ठिपक्यांप्रमाणे लावायला सांग.