माजघरात पोचेल तेवढाच स्पीड

प्रश्न : ताई, देवरुखजवळ आमचं जुनं घर आहे. मुलीने १०० एमबीपीएस स्पीडचं फायबर कनेक्शन घेऊन दिलं. राउटर पडवीत आहे, टीव्ही माजघरात. संध्याकाळी कीर्तनाचं थेट प्रक्षेपण लावलं की सारखं ते गोल फिरत बसतं. पडवीत फोनवर मात्र तेच कीर्तन सुरळीत चालतं. कनेक्शनवाले म्हणतात, ३०० चा प्लॅन घ्या, आणि टीव्हीही बदला. टीव्ही ३२ इंची आहे, सहा वर्षांपूर्वीचा. काय करावं?
– एक निवृत्त शिक्षक, जि. रत्नागिरी

उत्तर : सर, दोन्ही घेऊ नका. पडवीत चालतं आणि माजघरात अडतं, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे दारापर्यंत लाइन चांगली येतेय, अडचण घरातच आहे.

नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की ७२०पी, म्हणजे साध्या एचडी चित्राला ३ एमबीपीएस पुरतात, फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५. ३२ इंची टीव्ही बहुतेक ‘एचडी रेडी’ असतात, म्हणजे ७२०पीच्याच आसपासचे. शंभर येत असताना पेन्शनवर राहणाऱ्या माणसाला तीनशे विकायचे, हे मला मुळीच पटत नाही.

आता तुमच्या भिंती. जुन्या घरांतल्या जांभ्याच्या भिंती चांगल्या जाड असतात, आणि वायफायला त्यांतून जाताना फार कष्ट पडतात. त्यातही ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल दोन भिंतींतच दमतो. वायफायचा दुसरा, २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल जरा लांब जातो, पण त्यावर गर्दी जास्त, आणि चालू मायक्रोवेव्हही त्यात व्यत्यय आणतो. स्वस्त टीव्हींमध्ये बऱ्याचदा फक्त २.४ च असतो.

खात्री करून घ्या. ज्या वेळी कीर्तन अडतं त्याच वेळी फोनवर फास्ट डॉट कॉम ही नेटचा स्पीड मोजणारी साइट उघडा. आधी राउटरजवळ आकडा बघा, मग टीव्हीला खेटून उभे राहून. राउटरपाशी ८०-९० आणि माजघरात दोन-तीन आला, तर दोष भिंतीचा. दोन्हीकडे कमी आला आणि दुपारी मात्र ठीक येत असेल, तर संध्याकाळी त्यांच्याच लाइनवर गर्दी होतेय. मग तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा आणि पाठपुरावा करा. प्लॅन वाढवून ती गर्दी हटत नाही.

दोष भिंतीचा निघाला तर राउटर माजघराच्या दाराशी आणून, उंचावर, मोकळा ठेवून बघा. हलवता येत नसेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅन केबल ओढा. ‘कॅट-६’ प्रकारची घ्या. १०० मीटरपर्यंत ती व्यवस्थित चालते, तुम्हाला त्याच्या पाव भागही लागणार नाही. माळ्यावरून नेता येईल, फक्त विजेच्या वायरीला चिकटून नेऊ नका. टीव्हीचं लॅनचं भोक बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं, तरी तेवढं भरपूर झालं. दुकानदार ‘रिपीटर’, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, पुढे करील. तो माजघरात लावून उपयोग नाही: त्यालाच सिग्नल धड मिळाला नाही तर तो पुढे काय देणार? (आपल्याकडे वळवाच्या विजा सुरू झाल्या की राउटर आणि टीव्हीचे प्लग काढा, लॅनची केबलही सोडवून ठेवा.)

कीर्तनच का जास्त अडतं, त्यालाही कारण आहे. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि ॲप पुढचे तुकडे आधीच आणून साठवतं. रेकॉर्ड केलेल्या नाटकाचे भरपूर तुकडे साठवता येतात. बुवांनी पुढचा अभंग अजून गायलाच नसेल तर साठवणार काय? म्हणून थेट प्रक्षेपणात स्पीड जरा पडला की लगेच जाणवतं.

टीव्हीचा पडदा चांगला असेल तर तो ठेवा. जुन्या टीव्हीत ॲप नवं होत नसेल तर टीव्हीच्या एचडीएमआय भोकात बसणारी, ॲप चालवणारी स्टिक लावा, नव्या टीव्हीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. स्टिकला वीज तिच्यासोबत आलेल्या ॲडॅप्टरनेच द्या, टीव्हीच्या यूएसबीवर ती कधीकधी मध्येच बंद पडते.

प्रश्न : नवा टॅब घेतला. यूट्यूब स्वच्छ दिसतं, पण पैसे भरून घेतलेल्या ॲपवर सिनेमे धूसर. वायफाय उत्तम आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नेट तपासत बसू नका. अँड्रॉइडवर अशी ॲप सिनेमाची चोरी टाळायला वाइडवाइन नावाचं कुलूप वापरतात. टॅबला त्याची एल-१ ही वरची पातळी नसेल, फक्त एल-३ ही खालची असेल, तर बरीच ॲप एचडी देतच नाहीत. नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’मध्ये ही पातळी दिसते. एल-३ निघाली तर सेटिंग बदलून एल-१ होत नाही. परत करायची मुदत असेल तर आजच टॅब परत करा. खोक्यावर ‘फुल एचडी डिस्प्ले’ छापलेलं असतं आणि ही गोष्ट कुठेच नसते, याचा मला मनापासून राग येतो.

प्रश्न : वसतिगृहात वायफाय नाही. रोजच्या दीड जीबीत एक सिनेमाही पुरा होत नाही.
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : ५ एमबीपीएसने बघितलंस तर दीड जीबी ४० मिनिटांत संपतो. ॲपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटासाठी ४८०पी हा कमी दर्जा किंवा ‘डेटा सेव्हर’ निवड. एक एमबीपीएसच्या आसपास राहिलं तर त्याच डेटात तीन तास निघतात, आणि फोनच्या पडद्यावर फरक फारसा कळत नाही. सुट्टीत घरी वायफाय मिळालं की डाउनलोड करून आण, पण ॲपने दिलेली मुदत बघून घे. कित्येक डाउनलोड काही दिवसांनी आपोआप बंद होतात.