नीरोचं फिडल कुणी ऐकलं?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी अकरावीला आहे. वक्तृत्व स्पर्धेत तिनं ‘रोम जळत होतं तेव्हा नीरो फिडल वाजवत होता’ हे वाक्य म्हटलं. परीक्षकांनी विचारलं, ‘हे कुणी लिहून ठेवलंय?’ तिला सांगता आलं नाही, घरी येऊन रडली. मलाही उत्तर माहीत नाही. शिवाय रोमन सम्राटांपैकी कॅलिगुलानं घोड्याला मोठं पद दिलं, टायबेरियस क्रूर, क्लॉडियस मंदबुद्धी, असंच आम्ही वाचत आलो. ऑगस्टस तेवढा चांगला आणि मागून आलेले चौघंही असे, तर ते राज्य टिकलं कसं?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : आधी मुलीला सांगा, परीक्षकांनी तिला फार चांगला प्रश्न विचारला. मी अमळनेरला तीस वर्षं इतिहास शिकवला, आणि वर्गात हा प्रश्न मला स्वतःहून विचारणारी मुलं फार थोडी भेटली.

फिडल, म्हणजे व्हायोलिन, तर नव्हतंच. व्हायोलिन युरोपात आलं सोळाव्या शतकात. नीरो वाजवायचा ते किथारा, म्हणजे मोठं तंतुवाद्य, आणि त्याचं त्याला खरोखर वेड होतं. आग लागली इ.स. ६४च्या जुलैमध्ये. सहा दिवस जळत राहिली, विझतेय असं वाटताना पुन्हा भडकली. शहराच्या १४ विभागांपैकी ३ बेचिराख झाले, ७ मोडकळीला आले.

आता लिहिणाऱ्यांकडे बघू. रोमन इतिहासकार टॅसिटस तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल. त्यानं लिहिलं पन्नासेक वर्षांनी. तो सांगतो की आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हता, अँटियम या दुसऱ्या गावी होता. परतल्यावर त्यानं स्वतःच्या बागा बेघरांसाठी खुल्या केल्या, ओस्टिया बंदरातून धान्य आणवलं, धान्याचा भाव उतरवला. आणि मग टॅसिटस म्हणतो, पण अशी अफवा पसरली होती की शहर जळत असताना तो घरच्या रंगमंचावर ग्रीक कथांतल्या ट्रॉय नगरीच्या नाशाचं गाणं गात होता. अफवा, एवढंच. आगीनंतर जन्मलेला चरित्रकार सुएटोनियस लिहितो तेव्हा अफवा हा शब्द गळालेला असतो. नीरो मनोऱ्यावर उभा आहे, अंगावर नटाचा पोशाख आहे. दीडशे वर्षांनी इतिहासकार कॅशियस डिओ लिहितो तेव्हा नीरो राजवाड्याच्या छतावर गेलेला असतो. जितकं लांबचं, तितकं ठळक!

हे असं का होतं ते मी पुस्तकात वाचण्याआधी माझ्या माहेरी पाहिलं. बोरीकाठचं आमचं गाव. मी अकरा वर्षांची होते. चैत्रात भरदुपारी खळ्यातल्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला, वारा सुटला आणि नऊ घरं गेली. विहिरीपासून खळ्यापर्यंत बायकांची रांग लागली होती, मी मधे उभी राहून बादली पुढे देत होते. बादलीचा कान तापून तळहाताला फोड आला, त्याचा वण अजून आहे. पोलीस पाटील त्या दिवशी दुसऱ्या गावी लग्नाला गेले होते. दिवेलागणीला सायकलवर आले, आणि रात्रीच स्वतःच्या घरची बाजरी पायलीनं मोजून नऊही घरांना दिली. आमच्या काकूनं ती पदरात घेतलेली मी पाहिली.

पुढं दहा वर्षांनी मी सुट्टीत गेले तर ओट्यावरच्या बायका सांगत होत्या, ‘गाव बळी ऱ्हायनं व्हतं नि पाटील तमाशा दखी ऱ्हायना व्हता.’ म्हणजे गाव जळत होतं नि पाटील तमाशा बघत होता. त्या दिवशी पंचक्रोशीत तमाशा नव्हता. पण मधल्या काळात पाटलांनी जळालेल्या दोन जागा पडत्या भावात विकत घेतल्या होत्या. लोकांचा राग त्या जागांवरचा होता, आणि तो मला आजही रास्त वाटतो. तमाशा त्या रागानं जोडला.

नीरोनं नेमकं हेच केलं. जळालेल्या जमिनीवर त्यानं आपला सोन्याचा महाल उभारला. रुंद रस्ते, घरांच्या उंचीला मर्यादा, दोन घरांत सामाईक भिंत नको, असे चांगले नियमही त्यानं केले. पण लोकांना महाल दिसला. त्यातून संशय आला, आणि संशय टाळायला त्यानं ख्रिस्ती लोकांना दोषी ठरवून हालहाल करून मारलं. आई अग्रिपिनाला त्यानं इ.स. ५९ मध्येच मारवलं होतं. तेव्हा नीरोला निर्दोष सोडा असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्याच्या गुन्ह्यांच्या यादीत फिडल नाही, एवढंच.

आणि तरी त्याच्या थडग्यावर लोक बराच काळ फुलं वाहत होते, हे त्याला नावं ठेवणाऱ्या सुएटोनियसनंच नोंदवलंय. मी नीरो आहे म्हणत तोतये उभे राहिले. तोतया लोकांना हव्या असलेल्या माणसाचाच होतो, हे सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट माहीत असलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. फुलं वाहणाऱ्यांनी काही लिहिलं नाही. लिहिलं ते सिनेटच्या, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेच्या, वर्तुळातल्यांनी. टॅसिटस आणि डिओ स्वतः सिनेटर होते, आणि सम्राटांचा जाच सगळ्यात आधी सोसला सिनेटरांनी. टॅसिटसनं सुरुवातीलाच कबूल केलंय की ऑगस्टसनंतरच्या या चौघांचे इतिहास ते जिवंत असताना भीतीपोटी खोटे लिहिले गेले आणि मेल्यावर ताज्या द्वेषातून.

घोड्याचं थोडक्यात. घोड्याला संगमरवरी तबेला आणि हस्तिदंती गव्हाण होती, असं सुएटोनियस लिहितो. त्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, करण्याचा बेत होता ‘असं म्हणतात’, एवढंच त्याचं वाक्य आहे. घोडा कॉन्सल कधीच झाला नाही. कॅलिगुलाबद्दल मला जास्त पटतो तो ज्यू विचारवंत फिलो, कारण तो त्याला समोरासमोर भेटला होता. अलेक्झांड्रियाच्या ज्यूंची दाद मागायला तो गेला, तर सम्राट महालातल्या खोल्या बघत फिरतोय, खिडक्यांबद्दल हुकूम सोडतोय आणि मधेच विचारतो, ‘तुम्ही डुकराचं मांस का खात नाही?’ हे म्हातारे शिष्टमंडळ मागे मागे धावतंय. घोड्याच्या गोष्टीपेक्षा हे चित्र जास्त भयंकर आहे.

क्लॉडियसच्या बाबतीत तर नशीबच म्हणायचं. इ.स. ४८ मध्ये त्यानं गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, पुढाऱ्यांना सिनेटमध्ये घ्या म्हणून भाषण केलं. टॅसिटसनं ते आपल्या ग्रंथात दिलंय, सुबक आणि नेटकं. पण १५२८ साली फ्रान्समध्ये ल्योंला एक कांस्यपट सापडला, त्यावर तेच भाषण कोरलेलं! त्यात क्लॉडियस जुन्या राजांच्या वंशावळीत शिरतो, भरकटतो आणि शेवटी स्वतःलाच बजावतो की आता भाषण कुठं चाललंय ते सांग. मंदबुद्धी नव्हे, खूप वाचलेला आणि आवरता न येणारा माणूस. मुद्दा मात्र पक्का : परक्यांना आत घेतलं म्हणून रोम मोठं झालं.

राज्य टिकलं कसं, याचं उत्तर अशाच कामांत आहे. इ.स. १७ मध्ये रोमच्या आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, भूकंप झाला, बारा शहरं पडली. ‘क्रूर’ टायबेरियसनं त्यांपैकी सार्डिस शहराला १ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) दिले आणि पाच वर्षांचा कर माफ केला. प्रांतातल्या माणसाला सम्राट दिसायचा तो कर, रस्ता आणि धान्य यांत. राजवाड्यातलं रक्त त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

आणि ऑगस्टस? इ.स.पू. ४३ मध्ये त्यानं दोन साथीदारांसह मारायच्या माणसांची यादी केली. प्रसिद्ध वक्ता सिसेरोचं शिर आणि हात चव्हाट्यावर टांगले गेले. मग सर्वसत्ताधीश म्हणून तो चाळीस वर्षं राहिला आणि आपलं चरित्र आपणच लिहून ठेवलं. तुर्कस्तानात अंकाराच्या देवळाच्या भिंतीवर ते आजही वाचता येतं. यादीचा त्यात उल्लेख नाही.

आता एक काम सांगते. सुट्टीत मुलीला बऱ्हाणपूरमार्गे असीरगडावर न्या. जानेवारी १६०१ मध्ये अकबरानं हा गड घेतला आणि खानदेशचं फारुकी राज्य संपलं. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फज़ल लिहितो, गडावर रोगराई पसरली म्हणून गड पडला. जेझुइट पंथाचे ख्रिस्ती पाद्री लिहितात, फारुकी सुलतान बहादूरशहाला बोलणीला बोलावून दगा दिला. दोन्ही गोष्टी तिला गडावर बसूनच सांगा. कुणाची पटली आणि का, हे तिच्याच अक्षरात मला लिहून पाठवू द्या.