मेयोनीज न घालता भाजलेल्या भाज्यांचं डिप घरी कसं करायचं?

मेयोनीजची गरजच नाही, त्यात निम्म्याहून जास्त तेलच असतं. त्याऐवजी चक्का घ्या.

भरताचं एक मोठं वांगं आणि एक लाल ढोबळी मिरची घ्या. वांग्याला सुरीने टोचे मारून त्यात लसणाच्या ४-५ पाकळ्या खोचा, वरून तेलाचा हात फिरवा आणि दोन्ही थेट गॅसवर भाजा. वांग्याला १२-१५ मिनिटं लागतात. देठाजवळ दाबून बघा, तिथे कडक लागलं तर अजून कच्चं आहे. मग पातेल्यात झाकून ठेवा, वाफेने साल सुटते. साल काढताना नळाखाली मात्र अजिबात धरू नका! धुराचा सगळा वास पाण्याबरोबर जातो, आणि खरी चव त्यातच आहे.

गर १० मिनिटं गाळणीत निथळू द्या, नाहीतर डिप पाणचट होतं. नंतर ३ चमचे चक्का, २ चमचे भाजलेल्या तिळाचं कूट, भाजलेलं जिरं, मीठ आणि अर्धं लिंबू घालून मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. थोडं भरड राहिलेलंच छान लागतं.

काकडी-गाजराबरोबर द्या. आमच्याकडे उरलेलं दुसऱ्या दिवशी भाकरीला लावून संपतं. फ्रीजमध्ये २ दिवस टिकतं.