सहीच्या आधी कागद वाच

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला चेकचा फोटो तीनदा मोठा करून पाहिला. देसिलू प्रॉडक्शन्स या जुन्या अमेरिकन टीव्ही-निर्मिती कंपनीचा चेक, तारीख १९५३ची, खाली तिचा एक मालक, अभिनेता देसी आर्नाझ याची सही. ‘संग्रहासाठी घेऊ का?’ एवढंच विचारलंस. हो-नाही एका शब्दात सांगता आलं असतं, पण मग पुढच्या कागदालाही तुला मलाच विचारावं लागेल. म्हणून सविस्तर लिहितेय.

सहीकडे आधी बघूच नकोस. चेकच्या तळाशी बघ. तिथे ठोकळेबाज, जाड-बारीक रेघांचे आकडे असतील, यंत्राला वाचता यावेत म्हणून चुंबकीय शाईनं छापलेले, तर तो कागद १९५३चा नाही. अमेरिकन बँकांनी ती पद्धत १९५०च्या दशकाच्या अखेरीस आणली. तुझ्या फोटोत नेमका तळच कापला गेलाय. छापील पत्त्यात पाच आकडी झिप कोड (आपल्या पिन कोडसारखा) असेल तर कागद १९६३ किंवा त्यानंतरचा. बॉलपेन अमेरिकेतल्या दुकानांत आलं ऑक्टोबर १९४५मध्ये, त्यामुळे १९३९च्या करारावर बॉलपेनची सही दिसली तर तिथेच थांब. बनावट कागद करणारे महिनोन्महिने सही गिरवतात, कागदाच्या वयाचा विचार मात्र फार थोडे करतात.

मी स्वतः एकदा याहून साध्या गोष्टीत फसलेय. इलेक्ट्रॉनिक टीव्हीचा अमेरिकन संशोधक फायलो फार्न्सवर्थ याची गोष्ट वाचून मी भारावले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रीन स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेत ७ सप्टेंबर १९२७ला त्यानं विजेच्या नळीतून एक रेघ पलीकडच्या पडद्यावर पाठवली, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पुढे त्याच्या नावाची कंपनी निघाली, तिचं शेअर सर्टिफिकेट मला ‘फार्न्सवर्थची सही असलेलं’ म्हणून विकलं गेलं. घरी आणून भिंगाखाली धरलं. शाईचा ओघ नाही, कागदावर टाकाचा दाब नाही, रेघा मिळणाऱ्या जागी गडदपणा नाही. सही छापील होती. आणि ती फार्न्सवर्थचीही नव्हती! त्या कंपनीचं अध्यक्षपद ई. ए. निकोलस यांच्याकडे होतं. सर्टिफिकेट अगदी अस्सल होतं, माझी समजूत तेवढी चुकीची होती. कंपनीत कोण कोणत्या पदावर होतं हे आधी पाहिलं असतं तर पैसे वाचले असते.

त्या दिवसापासून कागद हातात आला की मी तो उलटा करते. शेअर सर्टिफिकेटवर पुढच्या सह्या बऱ्याचदा छापील असतात, हातानं केलेली सही सापडते मागे, शेअर दुसऱ्याच्या नावे करताना मालकानं केलेली. चेकचंही तसंच. मागे पैसे घेणाऱ्याची सही असते, बँकेचे शिक्के आणि तारखा असतात. चेक वटल्यावर बँकेनं पाडलेली भोकं सहीतून गेली की पुष्कळजण नाक मुरडतात. मला ती आवडतात. तो कागद खरंच व्यवहारात फिरला, याची ती खूण आहे.

आता तुझ्या मनात काय आहे ते ओळखते: नाव मोठं हवं. पण मित्रा, व्यवहाराचा कागद सहीमुळे मोठा होत नाही, त्या कागदानं काय ठरवलं यामुळे होतो. ‘आय लव्ह लुसी’ ही विनोदी टीव्ही मालिका १९५१मध्ये सुरू होताना सीबीएस या अमेरिकन टीव्ही नेटवर्कला कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित करून हवा होता. तिच्यातले प्रमुख कलाकार, लुसील बॉल आणि तिचा नवरा आर्नाझ, हॉलिवूड सोडायला तयार नव्हते, त्यांना तो फिल्मवर चित्रित करायचा होता. वाढीव खर्चापोटी दोघांनी मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी मिळवली. पुनःप्रक्षेपणाच्या धंद्याचा पाया त्या मालकीच्या कलमात आहे. त्या काळातला एखाद्या अनोळखी कॅमेरामनचा करार हाती लागला, तर मोठ्या नावाच्या चेकआधी तो घे. त्याला किती पैसे ठरले, पुनःप्रक्षेपणाचा हिस्सा होता की नाही, हे त्यातच कळेल.

आणि डुमाँट हे जुनं अमेरिकन टीव्ही नेटवर्क विसरू नकोस. १९४६ ते १९५६ चाललं. तिथले बहुतेक कार्यक्रम आज उरलेलेच नाहीत. अभिनेत्री एडी ॲडम्सनं १९९६मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयापुढे साक्ष दिली, की उरलेल्या प्रती न्यूयॉर्कच्या खाडीत टाकून देण्यात आल्या. असा एखादा कार्यक्रम कोणी केला, किती दिवस चालला, जाहिरातदार कोण होता, हे सांगायला काही वेळा एक करारपत्रच शिल्लक असतं. असा कागद हातात घेताना माझा हात अजूनही जपून चालतो.

जपणुकीचं थोडक्यात: पॉलिएस्टरचं पाकीट वापर, मऊ पीव्हीसीचं नको. लॅमिनेशन कधीच नको, चिकटपट्टीही नको. गंजलेली टाचणी हलकेच काढ. शाई उन्हानं उडते, म्हणून भिंतीवर लावायची असेल तर प्रत लाव. करारांवर माणसांचे घरचे पत्ते आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकन सरकारी ओळख क्रमांक) असतात, फोटो कुणाला दाखवताना ते झाक. आणि विक्रेत्याकडून कागद कुठून आला हे लेखी घे. तोंडी हकिकत तू विकायला जाशील तेव्हा कुणी मानणार नाही.

तर त्या चेकचा तळ दिसेल असा एक फोटो आणि मागच्या बाजूचा एक मागवून घे. मागची बाजू दाखवायला विक्रेता टाळाटाळ करू लागला तर चेक सोडून दे. दोन्ही फोटो आले की पाठव, मग किमतीचं बोलू.