वजन ठीक आहे, मग आजार कसला?

‘माझं वजन तर व्यवस्थित आहे, मग मला खाण्याचा आजार कसा असेल?’ हा प्रश्न थेरपिस्ट म्हणून मला वरचेवर विचारला जातो. विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा बराच काळ आजारी असते. त्यामागे आणखी एक प्रश्न दबा धरून बसलेला असतो, तो फारसा कुणी तोंडावर आणत नाही: माझ्याहून वाईट अवस्थेतली माणसं असताना मी तज्ज्ञाचा वेळ घ्यावा का? दोन्ही प्रश्नांसाठी एकीची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे आणि ओळख पटू नये इतके तपशीलही इकडचे तिकडे केले आहेत. तिला मुग्धा म्हणू.

मुग्धा एकतीस वर्षांची, लग्न झालेली, नोकरी करणारी. माझ्याकडे ती आपणहून आली नाही, दातांच्या डॉक्टरांनी पाठवली. दात शिवशिवतात म्हणून ती त्यांच्याकडे गेली होती. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली पाहून त्यांनी विचारलं, ‘ॲसिडिटी फार होते का?’ ती ‘हो’ म्हणाली. पुढच्या खेपेला त्यांनी तितक्याच सहजपणे विचारलं, ‘उलट्या आपोआप होतात, की तुम्ही काढता?’ त्यावर तिला रडूच कोसळलं. पोटातलं आम्ल वारंवार तोंडात येत राहिलं की दात आतल्या अंगाने झिजतात. बुलिमिया, म्हणजे ताबा सुटून खाणं आणि मग उलटी वगैरे काढून त्याची भरपाई करणं, हा आजार पहिल्यांदा ध्यानात येतो तो पुष्कळदा असा, दंतवैद्याच्या खुर्चीत. वजनकाट्यावर त्याचा मागमूसही नसतो.

पहिल्या भेटीत तिने घरून ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं. ‘मॅडम, मी काही त्या हाडं दिसणाऱ्या मुलींसारखी नाही. मला नुसता खादाडपणा आहे. तेवढा कंट्रोल शिकवा, बास.’

मी वाद घातला नाही. म्हटलं, कालचा दिवस सांग, उठल्यापासून.

सकाळी काही खाल्लं नव्हतं, कारण ‘सकाळी भूकच नसते’. दुपारी डब्यातलं निम्मं शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दिलं. चारच्या सुमाराला डोकं ठणकायला लागलं, कामात चुका व्हायला लागल्या. संध्याकाळी घरी पोचली तेव्हा नवरा यायला तासभर होता. पर्स खांद्यावरच, फ्रीजचं दार उघडं, आणि उभ्याउभ्या हाताला लागेल ते. चव आठवत नाही म्हणाली. थांबावं असं आतून कुणीतरी ओरडत होतं, पण हात थांबेना. मग उलटी काढली, चेहरा धुतला, भांडी विसळून ठेवली. झोपताना ठरवलं, उद्या दिवसभर काही खायचं नाही.

हे शेवटचं वाक्य तिने उपाय म्हणून सांगितलं. माझ्या दृष्टीने आजाराचं इंजिन तिथेच होतं.

मुग्धाच्या हिशेबात संध्याकाळचं खाणं हा रोग होता आणि दिवसभराचा उपास हे औषध. प्रत्यक्षात उपासाने संध्याकाळ ओढवत होती, संध्याकाळच्या शरमेपोटी दुसऱ्या दिवशीचा उपास आणखी कडक होत होता, आणि उलटीची सोय आहे म्हटल्यावर खाण्याला धरबंध उरत नव्हता. मी तिला अमेरिकेतल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं. यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं, आणि मानसिकदृष्ट्या सगळे ठणठणीत आहेत हे पाहूनच त्यांना निवडलेलं होतं. तरी काही महिन्यांत ते दिवसरात्र जेवणाचाच विचार करायला लागले. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवली, कुणी ताट चाटूनपुसून साफ करू लागला, चिडचिड आणि उदासी वाढली. काहींचा संयम सुटला आणि ते चोरून खाऊन मग स्वतःलाच दोष देत बसले. आहार पूर्ववत केल्यानंतरही काहींना कितीतरी दिवस पोट भरल्याची जाणीवच होत नव्हती.

मुग्धाने एवढंच विचारलं, ‘ती माणसं पुढे बरी झाली?’

झाली. पण निश्चय करून नाही, पुरेसं खाऊन. आणि त्यालाही बरेच महिने लागले.

तिचं हे सगळं सुरू झालं होतं कॉलेजात. एका मोठ्या आजारपणात वजन उतरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा घरीदारी तिच्या दिसण्याचं कौतुक झालं. बारीक झालेल्या माणसाला ‘काय मस्त दिसतेस’ म्हणण्याआधी ते वजन कशाने गेलं, एवढी तरी चौकशी करावी असं मला फार वाटतं. आजारपण सरलं, वजन परत यायला लागलं, आणि कौतुक हातचं जाऊ नये म्हणून उपास सुरू झाले. म्हणजे माझ्याकडे येईपर्यंत दहाएक वर्षं उलटून गेली होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

‘हाडं दिसणाऱ्या मुली’ हे चित्र डोक्यात पक्कं बसण्याला कारणही आहे. अ‍ॅनोरेक्सियाची (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत नेण्याच्या आजाराची) वर्णनं वैद्यकात १८७३ च्या आसपासची, इंग्लंडमध्ये विल्यम गल आणि फ्रान्समध्ये शार्ल लासेग यांनी केलेली. बुलिमियाचं वर्णन त्यानंतर शंभरेक वर्षांनी आलं, १९७९ मध्ये जेराल्ड रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने केलेलं. उलटी वगैरे न करता नुसतंच अनावर खाणं होणाऱ्या बिंज ईटिंग डिसऑर्डरला अमेरिकन निदानपुस्तिकेत स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २०१३ मध्ये. लोकांच्या मनातलं चित्र मात्र पहिल्याच आजारावर अडकून पडलंय. बुलिमियाच्या निदानात वजनाची अट नाही. सरासरी आठवड्यातून एकदा, तीन महिने, ताबा सुटून खाणं आणि मग त्याची भरपाई करण्याची धडपड होत असेल, आणि स्वतःची किंमत वजन-आकारावरच ठरत असेल, तर निदान होतं. भरपाई उलटीनेच होते असं नाही. जुलाबाची औषधं, कडकडीत उपास, अंगात ताप असतानाही न चुकवलेला व्यायाम हेही त्यातच. अ‍ॅनोरेक्सियाचाही एक प्रकार असा आहे की माणूस भरमसाट वजन गमावतो, पण मुळातलं वजन जास्त असल्यामुळे आकडा ‘नॉर्मल’च दिसतो. नाडी मंदावते, पाळी जाते आणि भोवतालचे लोक पाठ थोपटत राहतात. पुरुषांचं तर विचारूच नका. जिममध्ये तासन्‌तास घालवणाऱ्या आणि घरच्यांबरोबर जेवायला न बसणाऱ्या मुलाला हा आजार असेल, असा संशयसुद्धा कुणाला येत नाही.

बोलणं सुरू करण्याआधी मी मुग्धाला फिजिशियनकडे पाठवलं. ती नाराज झाली. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणाली. रक्तात पोटॅशियम कमी निघालं. वारंवार उलट्या किंवा जुलाब झाले की ते घटतं, आणि हृदयाचे ठोके नियमित पडायला तर ते हवंच. बाहेरून टवटवीत दिसणाऱ्या माणसाचाही ईसीजी यामुळे बिघडू शकतो. तिचा बिघडला नव्हता; औषधाने आणि पुढे उलट्या कमी झाल्यावर पातळी सुधारली. पण ज्याला भोवळ येते, छातीत धडधडतं, उलटीतून रक्त पडतं किंवा जगणं नको असं वाटतं, त्याने माझ्यासारखीच्या अपॉइंटमेंटची वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं. आणि घरच्यांसाठी एक सूचना: जे कुणी बरेच दिवस जवळजवळ उपाशी आहे, त्याला मायेपोटी एकदम भरपूर खाऊ घालू नका. अशा शरीरात अन्न अचानक गेलं की रक्तातलं फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं. तिथे सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी.

मग थेरपी. मी वापरली ती पद्धत ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी खाण्याच्या आजारांसाठी बेतलेली, विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी. वजन फार कमी नसेल तर साधारण वीस आठवड्यांत वीस भेटी, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. लोकांना वाटतं आम्ही पहिल्या दिवसापासून बालपण उकरायला बसतो. पहिलं काम त्याहून कितीतरी रूक्ष असतं: ठरल्या वेळी खाणं. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन छोटी खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक असो-नसो. रात्री काहीही झालं असलं तरी दुसऱ्या सकाळचं खाणं व्हायचंच.

‘म्हणजे तुम्ही मला जाड करणार,’ मुग्धा म्हणाली. अगदी सरळ, डोळ्याला डोळा देऊन.

तिची भीती खोटी नव्हती, म्हणून तिच्याशीच व्यवहार केला. घरचा काटा नवऱ्याने माळ्यावर टाकायचा. वजन आठवड्यातून एकदाच, माझ्यासमोर, दोघींनी बघायचं आणि आलेखावर मांडायचं. ती दिवसातून अनेकदा काट्यावर उभी राहत असे आणि प्रत्येक आकड्यावर त्या दिवसाचं खाणं ठरवत असे. शरीरातल्या पाण्याने आकडा सकाळ-संध्याकाळ हलतो, एवढी साधी गोष्ट तिला माहीत होती, पण पटत नव्हती. काही आठवड्यांचा आलेख समोर आला, रेघ थोडी वरखाली होत होती तिथेच आसपास राहिली, तेव्हा पटली. बुलिमियाच्या उपचारात बहुतेकांचं वजन फारसं बदलत नाही.

नोंदवही मात्र तिला जड गेली. खाल्लं की लगेच लिहायचं, रात्री आठवून नाही. कॅलरी लिहायच्या नाहीत. वेळ, जागा, काय खाल्लं, आणि त्या वेळी मनात काय होतं. दुसऱ्या आठवड्यातली एक नोंद मला अजून आठवते: ‘४.१० ऑफिसचा जिना. ठरलेलं खाल्लं. रडू आलं. तोंड धुऊन परत जागेवर.’ पुढे एका भेटीत ती पानं उलटत बसली आणि म्हणाली, ‘ज्या दिवशी चारचं खाणं झालंय त्या दिवशी संध्याकाळ सहसा बिघडलेली नाही.’ मी काही बोलले नाही. हे तिने तिच्या अक्षरात वाचलं, मी सांगितलं असतं तर ते दुसरं एक व्याख्यान झालं असतं. उरलेल्या वाईट संध्याकाळी कशाने येतात, साहेबांच्या बोलण्याने, बहिणीच्या फोननंतर, की रिकाम्या घराने, ते शोधायला नंतरच्या भेटी होत्या. पोट दिवसभर रिकामं असताना तो शोध घेता येत नाही.

उपचार निम्म्यावर आले तेव्हा तिने नवऱ्याला माझ्याकडे आणलं. सज्जन माणूस, पण गोंधळलेला. ‘मॅडम, इतकी हुशार आहे ती. तोंडावर ताबा ठेवता येत नाही? मी फ्रीजला कुलूप लावू का?’ कुलूप नको, म्हटलं. ताटावर नजर नको, शरीराबद्दल बोलणंच नको, स्तुतीसुद्धा नको. जेवण झाल्यावर तासभर तिच्याबरोबर बस, विषय कुठलाही काढ. उलटीची ऊर्मी लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते; तेवढा वेळ सोबत लागते. हे त्याला जमलं. पहिले काही दिवस दोघं नुसते पत्ते खेळत बसायचे.

आजारी व्यक्ती तेरा-चौदा वर्षांची असेल तर मात्र घरच्यांचं काम बरोबर उलटं असतं. त्या वयात, विशेषतः अ‍ॅनोरेक्सियात, काय आणि किती खायचं याची सूत्रं काही काळ आईवडिलांनीच हातात घ्यायची असतात. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये आकाराला आलेली ही कुटुंबाधारित पद्धत मुलांच्या बाबतीत चांगली लागू पडते. तिचं पहिलं गृहीतक असं, की आजार आईवडिलांमुळे झालेला नाही. ते ऐकून कित्येक आया माझ्यासमोर मोकळेपणी श्वास घेताना मी पाहिल्या आहेत.

औषधांबद्दल थोडक्यात. बुलिमियात फ्लुओक्सेटिन उपयोगी पडतं, नैराश्याला लागतं त्याहून मोठ्या मात्रेत. तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञाचा. मुग्धाला ते लागलं नाही, पुष्कळांना लागतं, त्यात कमीपणा काही नाही. अ‍ॅनोरेक्सियात औषधाची जागा अन्नानेच भरून काढावी लागते.

कुणाकडे जायचं हे ठरवताना एक प्रश्न बेधडक विचारा: ‘तुम्ही खाण्याच्या आजारांवर काम केलं आहे का?’ तुमचं ऐकून घेण्याआधीच कुणी ‘आधी थोडं वजन कमी करा’ म्हणालं, तर दुसरं दार ठोठवा. तोंडाने सांगवत नसेल तर लिहून न्या. मुग्धाने फिजिशियनला दिलेल्या चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘मी खाऊन उलट्या काढते आणि घरी कुणाला माहीत नाही.’ तेवढी पुरली.

शेवटच्या भेटीत आम्ही एक पान लिहिलं, पुन्हा घसरण सुरू झाली तर ती कशी ओळखायची याचं. पहिल्या ओळीत तिने लिहिलं, ‘सकाळचं खाणं सलग दोन दिवस राहून गेलं तर.’ पुढे काय करायचं तेही तिचंच: नोंदवही काढायची, चारचं खाणं डब्यात घालायचं, नवऱ्याला सांगायचं आणि आठवडाभरात जमलं नाही तर मला फोन. नोकरी बदलली त्या धावपळीत तो फोन आला. उलट्या परत सुरू झाल्या होत्या, आधीच्या मानाने कमी. ‘सगळं पाण्यात गेलं का?’ तिने विचारलं. मी विचारलं, सकाळी काय खाल्लंस? ‘अजून नाही,’ म्हणाली. मग आधी खा, म्हटलं, आणि गुरुवारी ये.