घर बदलतोय, अंगणातल्या पाखरांचं काय?

प्रश्न: मे महिन्यात मालवणचं घर सोडून रत्नागिरीला शिफ्ट होतोय, सहा वर्षं रोज अंगणात तांदळाची कणी टाकते, चिमण्या, सातभाई येतात, मी गेल्यावर उपाशी राहतील का हो? खूप जीव लागलाय.

उत्तर: नाही ताई, पाखरं एकाच अंगणावर जगत नाहीत, किडे, उंबरं, गवताचं बी शोधत फिरतात आणि मेमध्ये तर करवंदं-जांभळंही असतात. तरी एकदम बंद नका करू, दोन-तीन आठवडे आधीपासून कणी थोडी थोडी कमी करा. पाणी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत ठेवाच, पसरट मातीचं भांडं, रोज धुऊन, आणि जाताना ते शेजारी कोणाला तरी देऊन जा, उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाण्याचीच जास्त गरज असते. नव्या घरी जास्वंद लावा, फुलातला मध पिणारा छोटा शिंजीर पक्षी येईल. पावसात उघड्यावर कणी नको, भिजून बुरशी धरते.